घरात मेलेला उंदीर सापडला तर आधी पिसवांचा बंदोबस्त करा (प्लेग, १८९६ ते आज)

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा मेसेज आला की पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीपाशी मेलेले उंदीर सापडलेत, आणि खाली लगेच सल्ल्यांची रांग लागली, कोणी म्हणे विषाच्या वड्या अजून टाका, कोणी म्हणे गोंदाचे पॅड आणा, कोणी म्हणे वॉचमन शेपटीला धरून कचऱ्यात टाकेल की, त्यात काय एवढं. शंभरेक घरांच्या ग्रुपमध्ये पिसवांचं नाव एकानेही काढलं नाही. मी आरोग्य खात्यात नोकरी केली, सगळी मराठवाड्यात, आता निवृत्त आहे, आणि आम्हाला ट्रेनिंगमध्ये जे वाक्य घोकून घेतलं होतं ते हेच की आधी पिसू, मग उंदीर. म्हणून हा धागा.

कारण असं आहे की उंदराच्या अंगावरची पिसू गरम रक्तावर जगते. उंदीर मेला आणि अंग गार पडायला लागलं की ती ते अंग सोडते आणि दुसरं गरम अंग शोधायला निघते. दुसरा उंदीर मिळाला तर त्याच्यावर, नाही मिळाला तर माणसावर. म्हणजे तुम्ही विष घालून एकदम पंचवीस उंदीर मारलेत आणि पिसवांना हात लावला नाहीत, तर त्यांच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा तुम्ही स्वतःच घरात मोकळ्या सोडल्यात. एरवी त्या चावतील, खाज येईल, मुलांच्या पायावर पुरळ उठेल, बस. (उंदराच्या पिसवांमुळे टायफसचा एक प्रकारही होतो, ताप, अंगावर पुरळ, तो बहुतेक वेळा ओळखूच येत नाही.) पण उंदरांमध्ये प्लेग शिरलेला असेल तर मग गोष्ट वेगळी.

प्लेगची जी मुख्य पिसू, झेनोप्सायला चिओपिस, तिच्यात एक भयंकर प्रकार होतो. जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी वाढतात आणि तिथे बोळा बसतो. रक्त ओढलं तरी खाली उतरत नाही. पिसू उपाशी, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावत सुटते आणि दर चाव्याला अडलेलं रक्त जंतूंसकट परत माणसाच्या अंगात ओकते. बॅकॉट आणि मार्टिन या दोघांनी हे १९१४ मध्ये दाखवून दिलं.

आज शहरात मेलेला उंदीर दिसला म्हणजे प्लेग आला असं मी अजिबात म्हणत नाहीये, बहुतेक वेळा तो विषानेच मेलेला असतो. पण विष न घालता एका जागी एकापाठोपाठ उंदीर मरायला लागले तर तो मामला साधा नाही, ते कळवायलाच हवं. कोणाला कळवायचं हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

चाळकरी

चांगला विषय. आमच्याकडे लालबागला अजून जुन्या चाळी आहेत, आजी सांगायची "उंदीर पडला" हा शब्द नुसता कानावर आला तरी बायका बोचकी बांधायला लागायच्या. उंदीर मेला म्हणायचेच नाहीत, उंदीर पडला. छपरातून, तुळईवरून खाली अंगणात पडायचा, झिंगल्यासारखा, दिवसाढवळ्या, माणसाला न घाबरता.

एक विचारायचंय. मुंबई पालिकेची रात्री उंदीर मारणारी माणसं असतात, काठी आणि टॉर्च घेऊन फिरणारी. एका रात्रीत तीस उंदीर मारायचे असा त्यांचा नियम आहे. मग ती पण चूकच करतायत का?

रानजाई

नाही, चूक नाही. तो रोजचा बंदोबस्त आहे, साथ नसतानाचा. उंदीर कमी राहिले तर लेप्टोही (उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) कमी राहतो, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने किती माणसं गेली आठवत असेल. मेलेले उंदीर तपासायची पद्धतसुद्धा मुंबईत फार जुनी आहे. माझं म्हणणं साथीच्या संशयाबद्दल आहे. उंदीर आपोआप मरायला लागलेत आणि कारण माहीत नाही, तेव्हा आधी बिळांच्या तोंडाशी आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कीटकनाशक पावडर मारायची, उंदीर तिच्यातून गेले की पावडर अंगाला लागते, पिसवा त्यांच्या अंगावरच मरतात. मग विष किंवा सापळे. क्रम उलटा झाला की धोका वाढतो.

आणि ही रात्रपाळीची माणसं किती वाईट परिस्थितीत काम करतात, गटाराच्या कडेने, हातमोजे असले तर असले. त्यांच्या अंगावर पहिली पिसू येणार हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कसबा_पेठ

पुण्यातला असल्यामुळे मला या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८९७ ला पुण्यात जे झालं ते आपण शाळेत चापेकर बंधूंपुरतं शिकतो. प्लेग बंदोबस्ताचा अधिकारी रँड याला २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गोळी लागली, आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला, दामोदरपंतांना पुढच्या वर्षी १८ एप्रिलला फाशी. पण त्याआधीचे तीन महिने काय चाललं होतं ते बघा. गोरे सोल्जर घरात शिरून, देवघरापर्यंत जाऊन झडत्या घेत होते, बायकांना रस्त्यावर उभं करून काखेत आणि जांघेत प्लेगची गाठ आहे का बघत होते, ज्याच्यावर संशय तो हॉस्पिटलात आणि त्याच्या घरचे सगळे सेग्रीगेशन कँपात, सामान अंगणात ओढून जाळून टाकलं.

आणि हे सगळं कशासाठी? तर त्यांना वाटत होतं रोग घाणीत आहे, जमिनीत आहे, माणसाच्या श्वासात आहे, कपड्यात आहे. मुंबईत तर समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अॅसिड पंपाने घराघरात मारत होते, छपराची कौलं काढून ऊन आत सोडत होते, घरांच्या भिंतींवर यूएचएच अशी तीन अक्षरं रंगवत होते म्हणजे हे घर माणसांना राहायला लायक नाही. घर धुतलं की उंदीर पळून शेजारच्या घरात, पिसवा त्याच्याबरोबर. उपाय करणाऱ्यांनीच रोग गल्लीतून गल्लीत नेला असं म्हटलं तर चुकीचं होईल का?

त्याच १८९७ च्या मार्चमध्ये, १० तारखेला, सावित्रीबाई प्लेगने गेल्या. मुलगा डॉक्टर, यशवंतराव, यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना लागण झाली. सरकारला लोकांच्या जवळ कसं जायचं ते त्यांच्याकडून शिकता आलं असतं.

डॉ_निरगुडी

कसबा_पेठ, तुमचा संताप समजतो पण थोडी दुसरी बाजूही मांडतो. १८९७ मध्ये पिसवेचं कोणालाच माहीत नव्हतं. जंतू सापडला होता, यर्सिननं १८९४ ला हाँगकाँगमध्ये शोधला होता, पण तो उंदरातून माणसात येतो कसा हे कोडं होतं. ते सोडवलं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने आणि तेही आपल्याच भागात. तो १८९७ ला मुंबईत आला, इथे त्याने रुग्णांच्या पायावर बारीक फोड पाहिले, त्यात जंतू होते, त्यावरून त्याला संशय आला की इथे काहीतरी चावलंय. पुढच्या वर्षी कराचीत, २ जून १८९८, त्याने आजारी उंदीर पिसवांसकट एका काचेच्या बरणीत ठेवला, तो मरायला टेकल्यावर बाजूला जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. निरोगी उंदीर काही दिवसांत प्लेगने मेला. हॉटेलच्या खोलीत वगैरे राहून, फारशा साधनांशिवाय केलेला प्रयोग.

आणि त्याच्यावर विश्वास कोणी ठेवला नाही! जवळजवळ सात-आठ वर्षं. मग १९०५ नंतर मुंबईत परळला प्लेग रिसर्च कमिशनने तेच पुन्हा सिद्ध केलं. ग्लेन लिस्टन म्हणून अधिकारी होते, त्यांच्या लक्षात आलं होतं की गिनीपिग सोडले की घरातल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होतात, म्हणजे जिवंत सापळाच. कमिशनने प्लेगच्या घरांत पिंजऱ्यात प्राणी ठेवले. ज्या पिंजऱ्याभोवती चिकट कागदाची पट्टी लावली त्यातले वाचले, कारण पिसू उडी मारते ती वीतभरसुद्धा नाही, पट्टी ओलांडता येत नाही. शेजारचे, पट्टी नसलेले, मेले. इतकी सरळ गोष्ट.

तर माझा मुद्दा एवढाच की माहिती नसताना सरकार काहीतरी करणारच.

कसबा_पेठ

डॉक्टर, माहिती नव्हती हे मान्य. पण लोकांना माहिती होती की! आमच्या आजोळी, भोरच्या बाजूला, उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायचे, पाऊस पडेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही, हे म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं आहे. त्यांना पिसू ठाऊक नसेल पण उंदीर आणि माणूस लांब ठेवायचे एवढं ठाऊक होतं आणि तेच बरोबर निघालं. पुढे सरकारच्याच प्लेग कमिशनने घरं रिकामी करणं हा सगळ्यात उपयोगी उपाय आहे असं मानलं. मग तीच गोष्ट गावाला विचारून, बांबू, तट्ट्या, पाण्याची सोय देऊन करता आली नसती का? सोल्जरची बंदूक कशाला?

डॉ_निरगुडी

हा मुद्दा मी खोडू शकत नाही. माळावरची झोपडी आणि कँप यात विज्ञानाच्या दृष्टीने काहीच फरक नाही, दोन्हीकडे माणूस पिसवेपासून लांब जातो. फरक एवढाच की झोपडीत माणूस स्वतःहून जातो आणि कँपात ढकलला जातो, आणि ढकललं की तो लपवतो. आजारी माणूस धान्याच्या कणगीमागे लपवला, मेलेल्याला रात्री गुपचूप पुरला, अशा गोष्टी तेव्हाच्या नोंदीत जागोजागी आहेत. २९ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला, आज जिथे कस्तुरबा आहे ना, तेच. त्यांना वाटत होतं आत नेतात ते मारायलाच.

लपवलेला रुग्ण म्हणजे साथीच्या डॉक्टरला डोळे बांधून काम करायला लावणं.

पोफळी

गोव्याहून. या सगळ्यात आमच्या एका माणसाचं नाव यायलाच हवं. मुंबईत प्लेग आहे हे सप्टेंबर १८९६ मध्ये पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, मूळचे हडफड्याचे. मांडवीला, गोदीच्या बाजूला, धान्याची कोठारं होती त्या वस्तीत. आधी लोकांनी त्यांचं म्हणणं मानायलाच तयारी दाखवली नाही, व्यापार बुडेल ही भीती, जहाजं थांबतील, गिरण्या थांबतील. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात.

मांडवीच का, याचं उत्तरही पिसवेतच आहे. त्या पिसवेच्या अळ्या धान्याच्या भुशात, कोंड्यात छान वाढतात. गोण्यांमधून उंदीर न जातासुद्धा पिसवा एका गावातून दुसऱ्या गावात जातात. प्लेग मुंबईहून रेल्वेने देशावर गेला तो धान्य आणि कापूस घेऊनच.

तापीकाठ

मी मूळ धुळ्याचा, पण वडील सुरतला उधन्याला कापड मिलमध्ये होते, सगळं लहानपण तिथे गेलं. सप्टेंबर १९९४. आधी तापीला पूर आला होता, सगळीकडे चिखल, मेलेली जनावरं, कचरा. मग एक दिवस एकदम बातमी पसरली की वेड रोडकडे माणसं खोकून खोकून मरतायत आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. आम्ही खान्देशात आलो तर गावात काही घरांनी दारं लावून घेतली, आत्याने मात्र अंगणात खाट टाकून दिली आणि म्हणाली चार दिवस इथे झोपा, मी जेवण आणून देते, कोणी काही बोललं तर मी बघते. आज विचार केला तर तिने बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं, वेगळं ठेवलं पण हाकललं नाही.

टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मेडिकलमध्ये मिळेनात, मुंबईतसुद्धा मिळेनात म्हणे. बरेच खासगी दवाखाने बंद होते. ते विसरणं शक्य नाही.

रानजाई

तापीकाठ, तुमच्या आत्याबाईंना नमस्कार सांगा.

१९९४ बद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण ते आमच्या अंगणातलं आहे. सुरतच्या आधी बीड जिल्ह्यात मामला नावाच्या गावात ऑगस्टमध्ये लोक तक्रार करत होते. काय तक्रार होती? पिसवांची! घरात बसवेना, झोपू देईनात इतक्या पिसवा झाल्या, आणि उंदीर पडायला लागले. म्हणजे दोन्ही धोक्याच्या खुणा गावकऱ्यांनी स्वतः सांगितल्या, कोणी तज्ज्ञ यायच्या आधी. मग गाठीचे रुग्ण दिसायला लागले. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला, त्या पट्ट्यात घरं पडली, लोक बाहेर शेडमध्ये, धान्य उघड्यावर, मदतीचं धान्य साठवलेलं, उंदरांची संख्या वाढली, रानातले उंदीर आणि घरातले उंदीर एकत्र आले असं कारण तज्ज्ञांनी मांडलं. मला ते पटतं, कारण त्या वर्षी उंदीर किती वाढले होते ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

पिसवांची पावडर मारली गेली म्हणून बीडकडची गाठीची साथ फार मोठी झाली नाही, आणि गाठीच्या प्लेगमध्ये वेळेवर औषध मिळालं की माणूस वाचतो. सुरतला फुफ्फुसाचा प्लेग होता, त्याला पिसू लागतच नाही, खोकल्यातून सरळ माणसाकडून माणसाला. म्हणून तो घाबरवून गेला. एकंदर ५६ मृत्यूंची नोंद आहे. १८९६ नंतरच्या दोन-अडीच दशकांत भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली होती, त्यापुढे हा आकडा लहान वाटेल, पण ५६ माणसांच्या साथीने कित्येक विमानं बंद झाली, निर्यात थांबली, जगाने दारं लावली. तो प्लेगच होता का यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला कारण सुरुवातीला नमुने नीट घेतले गेले नाहीत, नीट तपासले गेले नाहीत. नंतर जनुकीय तपासणीत प्लेगचाच जंतू निघाला.

त्यातूनच सरकारला कळलं की देशात रोगांवर नजर ठेवणारी यंत्रणाच नाही, आणि मग हळूहळू २००४ मध्ये आयडीएसपी (रोगांवर एकत्रित नजर ठेवायचा सरकारी कार्यक्रम) सुरू झालं, ज्यात उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत दर आठवड्याला रिपोर्ट जायचा. मी स्वतः ते फॉर्म भरलेत. तापाचे किती, जुलाबाचे किती, कुत्रा चावलेले किती, सगळं होतं. मला कायम वाटायचं की त्यात "गावात उंदीर पडले का" असा एक साधा प्रश्न प्रत्येक गावाला विचारायला हवा. मामल्याने तो न विचारता सांगितला होता.

शंकाकूल

सगळं वाचतेय, फार माहिती मिळतेय. बावळट प्रश्न वाटेल पण आमच्याकडे ढेकूण झालेत, भाड्याचं घर, पलंगाच्या फटीत. त्याने प्लेग किंवा दुसरं काही होतं का? दोन लहान मुलं आहेत, रात्र रात्र झोप नाही.

डॉ_निरगुडी

प्रश्न बावळट नाही ताई, हजार घरांत हाच प्रश्न आहे. ढेकणाने माणसात रोग पसरतो असा पुरावा नाही. कित्येक जंतू त्याच्या पोटात सापडतात पण चाव्यातून माणसात जाऊन साथ होते असं दिसलेलं नाही. त्रास मात्र खरा आहे, झोप जाते, मुलं खाजवून जखमा करतात आणि त्या चिघळतात. पलंगाच्या सगळ्या फटी, खिळ्यांच्या भोकांसकट, उकळतं पाणी, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, गादीचे शिवणीचे काठ बघा. फवारणी करायचीच तर लायसन्स असलेल्या माणसाकडून आणि त्या दिवशी मुलं घरात नकोत. बाजारात खुल्या पुडीतून मिळणारी शेतीची कीटकनाशकं अजिबात वापरू नका, बंद खोलीत धान्याला लावायच्या गोळ्या ठेवून मुलं दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. हे कळकळीने सांगतोय.

उवांचा हिशेब वेगळा. डोक्यातल्या उवा त्रासदायक पण रोग सहसा पसरवत नाहीत. अंगावरच्या, कपड्याच्या शिवणीतल्या उवा टायफस पसरवतात, ते शार्ल निकोलने १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये दाखवलं. थंडी, लढाई, छावण्या, एकच कपडा महिनोन्महिने, अशा ठिकाणी.

रानजाई

ढेकणावरून एक महत्त्वाची गोष्ट सांगते. १९५३ ला देशात मलेरियाविरुद्ध डीडीटी फवारणी सुरू झाली. आमच्या वरिष्ठांनी सांगितलेलं आहे, सुरुवातीला लोक डीडीटीवाल्यांची वाट बघायचे. मलेरियासाठी नाही, डास तर दिसतही नव्हते मेलेले, ढेकूण मरतात म्हणून! भांडी, बिछाने स्वतःहून बाहेर काढून ठेवायचे. मग काही वर्षांनी ढेकूण डीडीटीला दाद देईनात, उलट औषध लागलं की चवताळून फटीतून बाहेर यायचे आणि जास्त चावायचे. झालं, लोक म्हणाले हे औषध भेसळीचं, आमच्या घरात नको. दार बंद. किंवा फवारणी करून पथक पुढच्या गल्लीत गेलं की घर शेणाने सारवून टाकायचे, की भिंतीवरचं सगळं औषध खाली गाडलं गेलं. देवघरात आणि स्वयंपाकघरात तर येऊच देत नसत.

मलेरिया १९६५ च्या सुमारास लाखभर रुग्णांवर आला होता तो १९७६ ला ६४ लाखांवर गेला. कारणं पुष्कळ होती, डासांची प्रतिकारशक्ती, पैसे कमी पडणं, ढिलाई. पण बंद दारं हेही त्यात होतं, आणि ते दार ढेकणाने बंद केलं. कार्यक्रम आखणाऱ्यांच्या कागदावर ढेकूण नव्हताच. बाईला रात्री काय चावतं हे विचारायला कोणी गेलं असतं तर कळलं असतं.

त्याच डीडीटीने पिसवा मेल्या आणि प्लेगही मागे हटला, १९६६ नंतर १९९४ पर्यंत देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. बिहारात काळा आजारही त्याच वेळी गेला, कारण वाळूमाशी मेली, आणि फवारणी थांबल्यावर सत्तरच्या दशकात परत आला. तर घरातली एक कीड आणि एक रोग असा हिशेब नसतो. एका घराची भिंत, त्यात पाच किडे राहतात, पाच खाती वेगवेगळी.

वाळवंटी

अॅरिझोनातून लिहितोय, इथे येऊन बरीच वर्षं झाली. इथे आल्यावर एका टेकडीच्या पायवाटेवर बोर्ड वाचला की या भागातल्या प्राण्यांच्या पिसवांमध्ये प्लेग असू शकतो, मेलेल्या प्राण्याला हात लावू नका, कुत्रा बांधून ठेवा. मला धक्का बसला होता. १९०० साली जहाजातून सॅन फ्रान्सिस्कोला आला तो प्लेग रानातल्या प्राण्यांत गेला आणि तिथेच राहिला. वर्षाला सरासरी सात माणसांना होतो, बहुतेक न्यू मेक्सिको, अॅरिझोना, कोलोरॅडोत.

पण पद्धत बघा. प्रेअरी डॉग म्हणजे बिळात राहणारे, खारीच्या कुळातले प्राणी, त्यांची वसाहत एकदम शांत झाली की लोक फोन करतात. काउंटीची माणसं येऊन बिळांत पावडर मारतात, पिसवा गोळा करून तपासतात, बोर्ड लावतात. ना कोणाचं घर सील, ना कोणाचं नाव पेपरात. रानजाईताई म्हणतात तेच, आधी पिसू.

चाळकरी

मग आपल्याकडे हे होतंय का? मी गेल्या वर्षी वॉर्डात फोन केला होता मेलेल्या उंदरांसाठी, तर एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, घनकचऱ्याचं की कीटकनाशकचं की आरोग्याचं यातच दिवस गेला. शेवटी सफाईवाल्या दादांनी उचलले, नुसत्या हातांनी.

रानजाई

होतं, पण सगळीकडे सारखं होत नाही. केंद्र सरकारची प्लेगवर नजर ठेवणारी प्रयोगशाळा बंगळुरूला आहे, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूच्या सीमेवर रानउंदरांची पाहणी चालते. एका उंदरावर सरासरी किती चिओपिस पिसवा सापडतात तो आकडा काढतात, एकाच्या वर गेला की सावध. २००२ ला हिमाचलात आणि २००४ ला उत्तरकाशीत डांगुड गावात प्लेग निघाला तेव्हा लवकर ओळखला गेला आणि तिथल्या तिथे थांबवला, त्याच्या बातम्यासुद्धा फार झाल्या नाहीत. म्हणजे आपल्याला येतं.

कमी पडतं ते खाली. आपल्याकडे साथरोगांचा कायदा आहे तो १८९७ चाच, ४ फेब्रुवारीचा, चार कलमांचा, कोविडच्या वेळी मार्च २०२० मध्ये तोच बाहेर काढला. त्यात सरकारला काय काय करता येईल ते आहे. गाडी थांबवा, माणूस तपासा, वेगळा ठेवा, न ऐकेल त्याला शिक्षा. नागरिकाने काय कळवायचं, कळवल्यावर सरकारने किती वेळात यायचं, ज्याचं घर रिकामं केलं त्याला काय द्यायचं, यातलं काही नाही. रँडच्या हातात जो कागद होता तोच थोड्याफार दुरुस्त्या करून आपण वापरतोय. मला याचा फार त्रास होतो.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक वॉर्डात आणि ग्रामपंचायतीत मेलेल्या उंदरांसाठी एकच नंबर, एकच खातं. आलेल्या माणसाकडे पावडर, हातमोजे, पिशवी. कारण न कळता उंदीर मेले असतील तर त्यातला एक प्रयोगशाळेत. आणि कळवणाऱ्याच्या दारावर कसलाही बोर्ड लागणार नाही ही हमी.

कसबा_पेठ

शेवटच्या हमीला माझे दोन्ही हात वर. हाफकिनने लस काढली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी स्वतःहून तयार झाले त्यांना. आगाखानांनी लोकांसमोर टोचून घेतली, मग त्यांच्या समाजातली माणसं रांगेत आली. त्याच शहरात, त्याच वर्षी. एकीकडे झडती आणि दगडफेक, दुसरीकडे रांग.

शंकाकूल

आमच्या घरमालकांना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, पलंग बाहेर काढून उकळतं पाणी घालायला आज स्वतः आले. अजून एक विचारते, उद्या घरात मेलेला उंदीर दिसलाच तर नेमकं काय करायचं? वॉर्डातलं कोणी येईपर्यंत?

रानजाई

मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्या खोलीतून बाहेर काढा. लगेच उचलायला जाऊ नका. पाय झाकणारी चप्पल-बूट, पँट मोज्यात खोचून, हातमोजे. किड्यांवर मारायचा घरगुती स्प्रे असतो तो उंदरावर आणि आजूबाजूला हातभर जागेत, फटीत, मारा आणि थोडा वेळ थांबा, म्हणजे पिसवा असतील तर मरतील. मग लांब चिमट्याने किंवा फावड्याने पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, गाठ मारून. जागा ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, कोरडा झाडू मारू नका. हात साबणाने. बीळ दिसलं तर बुजवायची घाई नको, आधी पावडर, मग बुजवा, नाही तर आतली पिसू दुसऱ्या बाजूने घरात येते. एकाहून जास्त असतील आणि कोणी विष घातलेलं नसेल तर उचलूच नका, फोन करा आणि कोणी येईपर्यंत ती खोली बंद ठेवा.

डॉ_निरगुडी

त्यात माझी एक भर. त्यानंतरच्या आठवड्यात घरात कोणाला थंडी वाजून सणसणून ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा मानेला दुखरी गाठ आली तर दवाखान्यात गेल्या गेल्या आधी उंदराचं सांगा, ताप किती आहे ते नंतर. आम्ही डॉक्टर रोज डेंगी आणि टायफॉइड बघतो, उंदीर मेला होता हे कोणी सांगितलंच नाही तर आमच्या डोक्यात प्लेग, लेप्टो, स्क्रब टायफस यातलं काही येत नाही. (स्क्रब टायफस गवतातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो, २०१८ ला नागपूरकडे बरीच माणसं गेली त्यात, अंगावर सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग शोधा.) स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सीसायक्लिन ही जुनी, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारी औषधं आहेत. उपचार न केलेल्या गाठीच्या प्लेगमध्ये शंभरात तीस ते साठ माणसं जातात, पहिल्या दिवसांत औषध सुरू झालं तर बहुतेक वाचतात.

चाळकरी

रानजाईताई, तुमच्या मागणीचं पत्र करून इथे टाकाल का? आमच्या चाळ कमिटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला देतो, आणि सफाईवाल्या दादांच्या हातमोज्यांचा मुद्दा त्यात सगळ्यात वर घ्या.

रानजाई

टाकते, आज रात्रीच. हातमोजे पहिल्या ओळीत.